हंगामी वसतिगृहांवरचे संशोधन कुठे सापडले : एका साहित्य-आढाव्याचा प्रकरण अभ्यास

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या शिक्षिकेने शिक्षणशास्त्रातल्या पीएच.डी.साठी आराखडा सादर केला. विषय होता, हंगामी वसतिगृहांचा ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या उपस्थितीवर आणि अध्ययनावर होणारा परिणाम. ‘संबंधित साहित्याचा आढावा’ या भागात जेमतेम दीड पान मजकूर होता आणि शेवटी नेहमीचे वाक्य : ‘प्रस्तुत विषयावर आजवर संशोधन झाल्याचे आढळत नाही.’ आरआरसीच्या, म्हणजे आराखडे तपासून मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीच्या, एका सदस्याने त्याखाली रेघ ओढून समासात विचारले, ‘कुठे शोधले?’ आराखडा दुरुस्तीसाठी परत आला.

प्रश्न रास्त होता. मॅडमनी गूगलवर आणि शोधगंगा या ऑनलाइन प्रबंधभांडारात विषयाचे पूर्ण शीर्षक टाकून पाहिले होते, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. कामाचे काही आले नाही. मार्गदर्शकांनीही विषय नवा आहे म्हणून समाधान मानले होते. मी ज्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसतो, तिथे असे आराखडे दरवर्षी येतात, आणि ‘संशोधन झालेले नाही’ या वाक्याबद्दल माझे मत आता पक्के झाले आहे. ते वाक्य बहुतेक वेळा संशोधनाची नव्हे, शोधण्याची स्थिती सांगत असते. पूर्ण शीर्षक टाकून शोधणे म्हणजे नेमके त्याच शीर्षकाचा प्रबंध दुसऱ्या कोणी लिहिला आहे का, एवढेच पाहणे. तसा नसतो, हे उघडच आहे. असता तर हा विषय मंजूरच झाला नसता.

म्हणून पहिल्या बैठकीत संगणक सुरू केला नाही. आधी विषय सुटा करायला घेतला.

ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी, म्हणजे एकेक कोयता, टोळीने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात. शाळेचे जवळजवळ पूर्ण दुसरे सत्र त्यात जाते. मुलांचे काय करायचे, याची राज्यात दोन उलट दिशांची उत्तरे झाली. एक, शाळा मुलांमागे न्यायची. कारखान्यांच्या परिसरातल्या साखरशाळा हा तो मार्ग. दुसरे, मूल गावातच ठेवायचे. आजी-आजोबा किंवा नातेवाईक सांभाळतात, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत जेवणाची सोय होते आणि मूल आपल्याच शाळेत जाते. हे हंगामी वसतिगृह. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर भर नियमित शाळेवर आला आणि दुसऱ्या उत्तराचे वजन वाढले.

मॅडमना हे सगळे माझ्यापेक्षा कितीतरी चांगले माहीत होते. त्यांच्या वर्गातली निम्मी बाके दिवाळीनंतर रिकामी होतात. पण शीर्षकात त्यातले काहीच उतरले नव्हते. ‘तुमच्या अभ्यासातले मूल फडावर जाते की मागे राहते?’ असे विचारल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘सर, माझे मूल मागे राहते. जे जाते त्याच्याशी मी तुलना करणार आहे.’ या एका उत्तराने शोधाचे दोन भाग पडले. जाणाऱ्या मुलांचे साहित्य वेगळे आणि मागे राहणाऱ्यांचे वेगळे. जगभरात ही दोन गटांची लिखाणे एकमेकांना फारशी ओळखत नाहीत.

मग आडवा कागद घेऊन रकाने पाडले. कोण, काय घडते, उपाय काय, परिणाम कशावर, आणि कुठे. प्रत्येक रकान्यात त्या गोष्टीला लोक काय काय म्हणतात ते लिहायचे, मराठीत आणि इंग्रजीतही. ‘कोण’च्या खाली ऊसतोड कामगार, ऊसतोडणी मजूर, तोडकरी. इंग्रजीत शुगरकेन कटर, केन हार्वेस्टर, मायग्रंट लेबरर. यात पहिला खड्डा लगेच दिसतो. ‘शुगरकेन’ काही जण एकत्र लिहितात, काही ‘शुगर’ आणि ‘केन’ असे तोडून. मराठीत ‘ऊसतोड’, ‘उसतोड’, ‘ऊस तोडणी’ असे तिन्ही प्रकार छापील मथळ्यांत भेटतात. यंत्राला ते तीन वेगळे शब्द आहेत. साखरशाळेचे रोमन लिपीतले रूप कधी एका शब्दात, कधी दोन शब्दांत, कधी ‘शुगर स्कूल’ म्हणून येते.

‘कुठे’ हा रकाना सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त फसवतो. बीडचे रोमन स्पेलिंग बी-डबल ई-डी असेही होते आणि जनगणनेच्या कागदांत बी-आय-डी असेही. दुसरे टाकले की लिलावातल्या बोलीवरचे लेख धो-धो येतात, कारण त्या स्पेलिंगचा इंग्रजीत तो अर्थ आहे. तेव्हा सोबत ‘महाराष्ट्र’ किंवा ‘मराठवाडा’ जोडल्याशिवाय ते वापरायचे नाही. जिल्ह्यांची नवी नावे जुन्या लेखांत नसणार, म्हणून अहमदनगर, औरंगाबाद, उस्मानाबाद हीही यादीत हवीत. शिवाय पुष्कळ चांगल्या लेखांत जिल्ह्याचे नाव सारांशात येतच नाही, नुसते ‘वेस्टर्न इंडिया’ असते.

‘उपाय’च्या रकान्यात ‘हॉस्टेल’ लिहून मॅडम पुढे निघाल्या होत्या. पण आपण ज्याला वसतिगृह म्हणतो त्याला अमेरिकी-ब्रिटिश शिक्षणसाहित्यात क्वचितच तो शब्द असतो. तिथे बोर्डिंग स्कूल, रेसिडेन्शियल स्कूल असे म्हणतात, आणि रेसिडेन्शियल स्कूल टाकले की कॅनडातल्या आदिवासी मुलांच्या सक्तीच्या निवासी शाळांचे प्रचंड साहित्य पुढे येते. ते आपल्या कामाचे नाही, पण ते का आले हे कळले पाहिजे, नाहीतर माणूस घाबरून शोधच सोडतो.

पहिला थांबा शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेले हे प्रबंधांचे भांडार आहे. यूजीसीच्या २००९ च्या विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे बंधनकारक केले, आणि आपल्याकडच्या शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाला याहून मोठी सोय नाही. पण शोधगंगेच्या शोधचौकटीवर भिस्त ठेवू नये. तिथल्या नोंदींत कीवर्डच्या जागी पुष्कळदा ‘सोशल सायन्सेस’ किंवा ‘एज्युकेशन अँड एज्युकेशनल रिसर्च’ अशी सरधोपट ओळ असते. त्यातून हंगामी स्थलांतर कसे सापडणार? अनेक प्रबंध कागदावरून स्कॅन केलेले आहेत, त्यांतला मजकूर यंत्राला वाचता येत नाही. मराठी प्रबंधांची अडचण आणखी वेगळी. युनिकोडच्या आधी श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींत टाइप केलेला प्रबंध पीडीएफमध्ये डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतो, पण त्यातला शब्द कॉपी करून बाहेर चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा बाहेर पडतो. असा प्रबंध मराठी शब्दाने शोधून कधीच मिळणार नाही. त्याचे शीर्षक कोणी रोमन लिपीत कसे उतरवले आहे यावर सगळे अवलंबून.

म्हणून शोधगंगेत शोधण्याऐवजी चाळायचे ठरले. विद्यापीठ निवडायचे, मग विभाग, मग शीर्षकांची यादी वरपासून खालपर्यंत डोळ्यांखालून घालायची. छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ, पुण्याचे सावित्रीबाई फुले, कोल्हापूरचे शिवाजी, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, पुण्याचे टिळक महाराष्ट्र. काम कंटाळवाणे आहे, पण खरे फळ इथेच मिळाले, आणि तेही शिक्षणशास्त्र विभागात कमी. ऊसतोड कामगारांवरचे लिखाण अर्थशास्त्र, समाजशास्त्र, समाजकार्य या विभागांत पसरलेले असते. शीर्षकात शिक्षणाचा उल्लेखही नसतो, पण आत एखादे प्रकरण मुलांच्या शाळेवर असते. मॅडमनी एव्हाना ‘शिक्षणशास्त्र’ हा गाळणीचा पर्याय कायमचा काढून टाकला होता.

शोधगंगेत प्रबंध प्रकरणनिहाय फाइलींत ठेवलेला असतो. त्यातली ‘चॅप्टर २’ नावाची फाइल हा बहुतेकदा साहित्याचा आढावा आणि शेवटची ‘बिब्लिओग्राफी’. ही दोन आधी उघडायची सवय लावून घ्यावी. मात्र इथे एक इशारा द्यावासा वाटतो. आपल्याकडच्या दुसऱ्या प्रकरणांत एकाच अभ्यासाचा तोच परिच्छेद पिढ्यान्‌पिढ्या फिरतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या केंद्रातून एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली १९७४ साली शैक्षणिक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण निघाले, पुढे एनसीईआरटीने ही मालिका चालवली. त्या सर्वेक्षणांत प्रत्येक अभ्यासाचा आटोपशीर सारांश आहे. काम अमूल्यच, पण त्याचा परिणाम असा झाला की मूळ प्रबंध न पाहता सारांशावरून सारांश लिहायची प्रथा पडली. दुसऱ्या प्रबंधातला आढावा वाचायचा तो नावे मिळवण्यासाठी. मूळ लेख हाती आल्याशिवाय तो आपल्या आढाव्यात घालायचा नाही, हे मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्यांनी ते पाळलेही, आणि त्यामुळे त्यांची यादी अर्ध्याहून जास्त आटली.

आता एरिककडे. अमेरिकेच्या शिक्षण विभागाचे हे शिक्षणविषयक लेख-अहवालांचे भांडार १९६० च्या दशकाच्या मध्यापासून चालू आहे, मोफत आहे आणि वीस लाखांच्या घरात नोंदी बाळगून आहे. मॅडमना त्याचे नाव एम.एड.च्या पुस्तकातून माहीत होते, पण उघडून पाहिले नव्हते. एरिकची खरी ताकद त्याच्या शब्दकोशात आहे. सुमारे साडेचार हजार ठरावीक विषयशब्द, आणि प्रत्येक नोंदीला माणसांनी त्यांतलेच शब्द लावलेले. लेखकाने काहीही शब्द वापरला असो, नोंदणी करणारा तो त्या ठरलेल्या शब्दाखाली आणून ठेवतो. म्हणून एरिकमध्ये आपला शब्द टाकायच्या आधी त्यांचा शब्द काय आहे ते कोशात पाहायचे. आपल्या कामाचे तिथे निघाले ते मायग्रंट एज्युकेशन, मायग्रंट चिल्ड्रन, मायग्रंट वर्कर्स.

पहिला निकाल पाहून मॅडम वैतागल्या. पानेच्या पाने अमेरिकेतल्या शेतमजुरांच्या मुलांवर. टेक्सास, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, मेक्सिकोहून आलेली कुटुंबे. हे असे का, याला इतिहास आहे. १९६६ साली अमेरिकेने स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांसाठी केंद्रीय निधीचा कार्यक्रम सुरू केला, आणि एरिकचे एक उपकेंद्र ग्रामीण आणि स्थलांतरितांच्या शिक्षणासाठीच वाहिलेले होते. त्या केंद्राने जिल्हा कार्यालयांचे अहवाल, परिषदांची टिपणे, पुस्तिका असे सगळे गोळा करून नोंदवले. त्यामुळे या एका विषयात एरिक असाधारण श्रीमंत आहे, आणि ती श्रीमंती अमेरिकी आहे.

मॅडमनी लगेच ‘नॉट’ हा जोडशब्द लावून मेक्सिको आणि युनायटेड स्टेट्स वगळून टाकले. यादी एकदम छोटी झाली, सुटल्यासारखे वाटले. पण ‘नॉट’ हे हत्यार आंधळे आहे. भारत, चीन आणि मेक्सिको यांची तुलना करणारा लेखही त्याने कापला जातो, कारण त्यात मेक्सिको आहे. त्यापेक्षा एरिकची एक गंमत वापरली. अमेरिकेबाहेरच्या कोणत्याही देशाच्या अभ्यासाला तिथे ‘फॉरिन कंट्रीज’ असा विषयशब्द लावतात. आपण सगळे परदेशात मोडतो, त्याचा इथे फायदाच. मायग्रंट एज्युकेशनला ‘अँड’ने फॉरिन कंट्रीज जोडले की ढीग हाताळण्याजोगा होतो. नोंदीत स्थळाचा वेगळा रकानाही असतो, तिथे इंडिया निवडता येते.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरेच हातचे गेले असते. वगळलेल्या अमेरिकी ढिगाऱ्यातून मी मॅडमना एकच धागा परत काढून दाखवला, विद्यार्थ्यांच्या नोंदी एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पोचवण्याचा. अमेरिकेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्थलांतरित विद्यार्थ्यांसाठी संगणकीय नोंद-हस्तांतर व्यवस्था उभी केली. तिचे मुख्य केंद्र अर्कान्सासमधल्या लिटल रॉक इथे होते. मूल कुठल्या इयत्तेत आहे, कोणती लस झाली, कुठवर शिकले, हे दुसऱ्या राज्यातल्या शाळेला कळावे म्हणून. ती व्यवस्था १९९५ मध्ये बंद झाली आणि पुढे २००७ पासून नवी ऑनलाइन देवघेव आली. या व्यवस्थेवर टीका करणारे, तिचे मूल्यमापन करणारे अहवाल एरिकमध्ये पडून आहेत. माहिती उशिरा पोचते, शाळा ती उघडून पाहत नाहीत, नोंद अपुरी भरली जाते, अशा तक्रारी त्यांत येतात. आता आपल्याकडच्या शिक्षण हमी कार्डाचा विचार करा. मूल गाव सोडताना ते सोबत द्यायचे, म्हणजे फडाजवळच्या शाळेने त्याला सामावून घ्यावे. मॅडम म्हणाल्या, ‘आमच्याकडे कार्ड लिहून दिले जाते, परत येताना त्यावर काही भरलेले नसते.’ त्यांच्या अनुभवाला तुलनेसाठी पन्नास वर्षांचे लिखाण उपलब्ध होते, आणि ते एका ‘नॉट’मुळे बाहेर फेकले गेले होते.

मागे राहणाऱ्या मुलांचा धागा मात्र अमेरिकेत नव्हता. तो चीनमध्ये होता. शहरात कामाला गेलेल्या आईबापांची गावात आजी-आजोबांकडे राहिलेली मुले, इंग्रजीत लेफ्ट-बिहाइंड चिल्ड्रन, हा चिनी शिक्षणसंशोधनाचा फार मोठा विषय आहे. निवासी शाळा त्यांना मदत करतात की त्रास देतात, आजीकडे राहणाऱ्या मुलाचा अभ्यास मागे पडतो का, आई गेली तर वेगळे आणि बाप गेला तर वेगळे का, हे सगळे तिथे मोजले गेले आहे. मॅडमच्या प्रश्नाशी याहून जवळचे साहित्य कुठलेच नाही. फरक आहेच. चीनमधले पालक वर्षभर दूर असतात, आपले पाच-सहा महिने. पण तुलनेची रीत, प्रश्नावली, कोणते घटक नियंत्रित करावेत, हे सगळे तिथून घेता येते. ‘ऊसतोड’ शब्दावर अडून बसलो असतो तर चीनपर्यंत पोचायचे कारणच नव्हते.

शोधाची ओळ अखेर अशी झाली (अर्थात रोमन लिपीत, हे सांगायला नको) : पहिल्या कंसात सीझनल मायग्रेशन ऑर मायग्रंट चिल्ड्रन ऑर लेफ्ट-बिहाइंड चिल्ड्रन, मग अँड, दुसऱ्या कंसात बोर्डिंग ऑर हॉस्टेल ऑर रेसिडेन्शियल, मग अँड, तिसऱ्या कंसात अटेंडन्स ऑर ड्रॉपआउट ऑर अचीव्हमेंट. दोन-तीन शब्दांचे पद असेल तर ते अवतरणचिन्हांत टाकायचे. कंस विसरला तर यंत्र ‘अँड’ आणि ‘ऑर’ आपल्या मनाने जोडते आणि भलतेच निकाल देते. ओळ एकदा बांधली की ती जशीच्या तशी दुसरीकडे चालेल असेही नाही. प्रत्येक ठिकाणी शब्दाच्या उरलेल्या भागासाठी तारांकन (*) चालते का, शब्दांची रूपे आपोआप धरली जातात का, हे त्या त्या मदतपानावर पाहावे लागते. गूगल स्कॉलरला तर लांब ओळ झेपतच नाही. २५६ अक्षरांपुढचे ते विचारात घेत नाही, आणि कितीही निकाल असल्याचे सांगितले तरी पहिल्या हजारापलीकडे दाखवत नाही. शिवाय आज आलेला क्रम उद्या येईल याची हमी नाही. म्हणून स्कॉलरचा वापर आम्ही शोधायला कमी आणि माग काढायला जास्त केला.

माग काढणे म्हणजे हाती लागलेल्या एका चांगल्या लेखाच्या संदर्भयादीतून मागे जाणे आणि ‘साइटेड बाय’मधून, म्हणजे त्या लेखाचा संदर्भ देणाऱ्या नंतरच्या लेखांच्या यादीतून, पुढे येणे. शिक्षणाच्या भांडारांत जे सापडत नाही ते याच वाटेने मिळते. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांवर राबणाऱ्या, मुख्यतः खानदेशातून येणाऱ्या तोडकऱ्यांवर १९७८ मध्येच लिहिले होते. ते लिखाण श्रमाचे आहे, त्याला शिक्षणाचा विषयशब्द कोणी लावणार नाही. पण उचल, टोळी, मुकादम ही सगळी यंत्रणा समजल्याशिवाय कुटुंब मूल मागे का ठेवते किंवा का ठेवत नाही, हे कसे सांगणार? इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली मुंबईतून निघते आणि तिचे जुने अंक जेस्टोर या ऑनलाइन संग्रहात आहेत. विद्यापीठाच्या जाळ्यातून ते मॅडमना बसल्या जागी मिळाले.

युनेस्कोचा २०१९ चा जागतिक शिक्षण अहवाल स्थलांतर आणि विस्थापनावर होता. त्यात भारताबद्दल एक आकडा आहे. २०१३ साली हंगामी स्थलांतर करणारी व्यक्ती असलेल्या ग्रामीण घरांत ६ ते १४ वयाची १ कोटी ७ लाख मुले राहत होती. असा आकडा सापडला की तो उचलून प्रस्तावनेत टाकायचा मोह होतो. मॅडमना त्याचा मूळ आधार कोणता, ‘हंगामी’ची व्याख्या काय, ते खाली जाऊन पाहायला लावले. व्याख्येवर सगळे उभे असते, आणि ऊसतोडीचा सहा महिन्यांपर्यंतचा मुक्काम काही सर्वेक्षणांच्या व्याख्येच्या काठावर येतो.

एक विषयांतर. ‘बीड’ आणि ‘केन कटर’ एकत्र टाकले की २०१९ नंतरच्या निकालांत वैद्यकीय लेख पुढे येतात, स्त्री ऊसतोड कामगारांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरचे. मॅडम ते वगळणार होत्या. पण त्या लेखांतल्या तक्त्यांत बायकांचे शिक्षण, लग्नाचे वय, मुलांची संख्या अशी माहिती असते, आणि लग्न लवकर होण्याचा संबंध थेट मुलींच्या शाळा सुटण्याशी आहे. वगळायचे ते वाचून, मथळ्यावरून नाही.

मराठी साहित्याला कुठलेच आंतरराष्ट्रीय भांडार धरत नाही, हे कटू असले तरी खरे. पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे ‘शिक्षण आणि समाज’, राज्य मंडळाचे ‘शिक्षण संक्रमण’, ‘जीवन शिक्षण’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांच्या अंकांतले लेख शोधायचे तर बांधीव खंड काढून अनुक्रमणिका वाचण्याला पर्याय नाही. मॅडम उन्हाळी सुट्टीत पुण्याला जाऊन तेवढे करून आल्या. गोखले संस्थेतल्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयातही बसल्या. साखरशाळांच्या काळात शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी लिहिलेले अनुभवपर लेख त्यांना अशा चाळण्यातूनच हाती लागले. ते संशोधन म्हणून मोजायचे की नाही यावर मार्गदर्शकांशी वाद झाला. मला विचाराल तर ते स्वतंत्र मथळ्याखाली घ्यावेत, पुरावा म्हणून नव्हे, साक्ष म्हणून.

शासन निर्णयांचे तसेच. राज्याच्या संकेतस्थळावर विभाग, तारीख आणि शब्द टाकून ते शोधता येतात आणि प्रत्येकाला संकेतांक असतो. मॅडमनी सुरुवातीला नुसते ‘हंगामी वसतिगृह’ शोधले, तेही शालेय शिक्षण विभागात. सामाजिक न्याय विभागाकडे संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, ऊसतोड कामगारांच्याच मुलामुलींसाठी, २०२१ पासूनची. ती हंगामी नाही, कायमची निवासी आहे. दोन्हींना लोक बोलताना ‘वसतिगृह’च म्हणतात. आराखड्यात या दोन्ही एकत्र झाल्या असत्या तर आरआरसीने नाही तरी प्रबंधाच्या परीक्षकाने नक्की पकडले असते.

पैसे आणि प्रवेश यांबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केले. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, शासकीय उच्च शिक्षण संस्थांसाठी, इन्फ्लिबनेटमार्फत. त्यामुळे चीनवरचे महागडे लेख आता विद्यापीठातून मिळतात. पण मॅडम राहतात तालुक्याच्या गावी. त्यांना घरून लॉग-इन करता यावे म्हणून दूरस्थ प्रवेशाचे खाते उघडून दिले. हे खाते मागावे लागते, आपोआप मिळत नाही, आणि पुष्कळ संशोधक ते मागतच नाहीत. जे तरीही मिळाले नाही त्यासाठी लेखकाला सरळ ईमेल केला. बहुतेक लेखक प्रत पाठवतात, खूशही होतात.

शेवटी गाळणी. सगळ्या नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या, दुबार काढल्या. मग आधी मथळा व सारांश, नंतर पूर्ण लेख, आणि प्रत्येक नाकारलेल्या लेखापुढे एका ओळीत कारण. साहित्य-आढाव्यात काय काय नोंदवावे हे सांगणाऱ्या प्रिस्मा २०२० च्या मार्गदर्शक सूचीत २७ बाबी आहेत. पीएच.डी.च्या आढाव्याला त्या सगळ्या लावायची गरज नाही, पण कुठे शोधले, कोणत्या तारखेला, कोणती ओळ टाकली, किती आले, किती ठेवले, एवढे तरी लिहिलेच पाहिजे. नाकारण्याच्या कारणांत एक कारण वारंवार आले : ‘तीन पानांचा लेख, नमुना कसा निवडला ते नाही.’ परिषदांचे विशेषांक आणि नावात ‘इंटरनॅशनल’ असलेली नियतकालिके यांत असा माल भरपूर आहे. शीर्षक हुबेहूब जुळते, म्हणून नवा संशोधक आनंदाने तोच पहिला उचलतो.

सुधारित आराखड्यात आढावा चार भागांत गेला : जाणारी मुले, मागे राहणारी मुले, नोंदींचे हस्तांतर, आणि महाराष्ट्रातले शासकीय व मराठी साहित्य. शीर्षकही बदलले. ‘परिणाम’ हा शब्द गेला, कारण चिनी अभ्यास वाचल्यावर मॅडमच्या लक्षात आले की ज्या घरात आजी धडधाकट आहे त्याच घरातले मूल मागे राहते. वसतिगृहातल्या आणि फडावर गेलेल्या मुलांत जो फरक दिसेल तो वसतिगृहाचा की आजीचा, हे त्यांच्या आधीच्या रचनेतून सांगताच आले नसते. आता मॅडम प्रत्येक मुलाच्या घरी मागे कोण राहते, याची नोंद घेणार आहेत आणि एकाच मुलाची दोन सत्रांतली उपस्थिती आपसांत ताडून पाहणार आहेत. आरआरसीने आराखडा मंजूर केला, मात्र नमुना एका तालुक्याऐवजी दोन तालुक्यांतून घ्यावा अशी अट घालून.

प्रबंध सादर व्हायला अजून अवकाश आहे, तोवर नवे लेख येतच राहणार. शोधाच्या ओळी नोंदवहीत जशाच्या तशा लिहिलेल्या असल्यामुळे त्या पुन्हा चालवायला फार वेळ लागणार नाही. स्कॉलरवर दोन सूचना लावून ठेवल्या आहेत, एक ‘शुगरकेन’ आणि ‘महाराष्ट्र’ची, दुसरी ‘लेफ्ट-बिहाइंड’ आणि ‘बोर्डिंग’ची. शोधगंगेला अशी सोय लावलेली नाही. तिथल्या विभागांच्या याद्या मॅडम दर सहामाही प्रगती अहवालाच्या आधी वरून खाली चाळतात.